पुलाची जागा

१६६४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एल्श्ये क्रिस्तियान्स नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीला मृत्युदंड झाला. डेन्मार्कहून ती कामाच्या शोधात आली होती. भाडं थकलं, घरमालकिणीशी भांडण झालं आणि त्या भांडणात तिनं कुऱ्हाड उचलली. शिक्षा शहरातल्या दाम चौकात झाली. प्रेत मात्र पाण्यापलीकडे फोलेवेइक नावाच्या ओसाड जमिनीवर नेऊन खांबाला बांधण्यात आलं. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांनी पाहावं आणि धडा घ्यावा, हा हेतू. दिवाळं निघालेला, उतारवयातला रेम्ब्रांट तिथे गेला आणि त्यानं त्या मुलीची दोन रेखाचित्रं काढली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत.

जिथे ते खांब होते त्याच भागात आज ‘आय’ हे सिनेमाचं पांढरंशुभ्र संग्रहालय आहे. शेजारी पूर्वी शेल कंपनीचा असलेला मनोरा आहे. खाली बाउक्स्लोटरवेखचा धक्का आहे, आणि त्याला दर काही मिनिटांनी लागणारी, शेकडो सायकली ओतणारी फुकट बोट.

मधल्या पाण्याचं नाव एय. एकेकाळी ती समुद्राची खाडी होती. आता दोन्ही टोकांना जलद्वारं असलेला रुंद जलमार्ग आहे. दक्षिणेला कालव्यांचं, पर्यटकांचं, चित्रातलं अ‍ॅमस्टरडॅम. उत्तरेला नोर्ड. शहराला जे जे डोळ्यांसमोर नको होतं ते शतकानुशतकं नोर्डला गेलं: आधी गुन्हेगारांची प्रेतं, मग जहाजबांधणीचे कारखाने, रसायनं, आणि त्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांच्या वसाहती. एन्डीएसएम हा तिथला मोठा जहाज कारखाना १९८४ साली बंद पडला. त्यानंतर आधी कलावंत आले, मग उपाहारगृहं आली आणि मग बिल्डर. हा क्रम मुंबईच्या गिरणगावात वावरलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. आज नोर्डमध्ये लाखभर माणसं राहतात.

एवढ्या माणसांना शहराच्या मध्याशी जोडणारा, पायी किंवा सायकलवरून ओलांडता येईल असा एकही पूल एयवर नाही. जगानं सायकलची राजधानी म्हणून जिचं कौतुक करावं त्या नगरीत हे आहे. १९६८ साली उघडलेला एय बोगदा मोटारींसाठी आहे. त्यात पायी किंवा सायकलवर जाता येत नाही. २०१८ साली उत्तर-दक्षिण मेट्रो सुरू झाली. तिच्यात सायकल नेता येते, पण गर्दीच्या वेळी नाही, आणि सायकलचं तिकीट निराळं. पूर्वेला स्खेलिंगवाउडचा १९५७चा पूल आहे, पण मध्य शहरातून तिथे जाऊन परत यायचं म्हणजे घाम गाळण्याची हौस हवी. उरते बोट.

बोटीबद्दल तक्रार करणं कठीण आहे. ती फुकट आहे, मुख्य मार्गावर चोवीस तास चालते, आणि पलीकडे जायला पाचेक मिनिटंसुद्धा लागत नाहीत. फळी खाली पडायच्या आत स्कूटरवाले पुढे सरकतात, त्यांच्यामागे लहान मुलं बसवलेल्या पेटीच्या सायकली, मग हातात कॉफी घेतलेले पादचारी. माझं मत असं की या बोटीनंच पुलाचा घात केला. गैरसोय पुरेशी तीव्र झाली की राजकारणी हलतात. इथे गैरसोय दिवसाला दोनदा सातआठ मिनिटांची, थोड्या वाऱ्यापावसाची आणि बऱ्यापैकी रम्य आहे. तेवढ्यावर दीडशे वर्षं निघाली.

दीडशे म्हणतोय ते अलंकारिक नाही. यान खालमान नावाच्या एका हौशी माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून एयवरच्या पुलाचे आराखडे काढायला घेतले. एक नामंजूर झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. त्याचे भव्य कमानींचे रंगीत आराखडे आजही पाहायला मिळतात. पूल झाला नाही. उलट १८८९ साली पीयर काउपर्सनं रचलेलं मध्यवर्ती रेल्वे स्थानक ऐन पाण्याच्या तोंडावर, त्यासाठी घातलेल्या कृत्रिम बेटांवर उभं राहिलं आणि शहराचा आणि एयचा उरलासुरला संबंधही तुटला. बंदराचं शहर पाण्याकडे पाठ करून बसलं.

ती पाठ पुन्हा वळवायला फार खर्च झाला. २०१५ साली स्थानकाच्या पोटातून ११० मीटरचा एक भुयारी मार्ग काढला, अर्ध्यात सायकली, अर्ध्यात पादचारी. त्याच्या भिंतीवर इर्मा बोम या पुस्तकरचनाकार बाईंनी जुन्या निळ्या डेल्फ्ट फरशांच्या चित्रावरून हजारो फरशांचा समुद्र आणि गलबतं रचली आहेत. २०२३ साली स्थानकासमोर पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ उघडला आणि मागच्या बाजूला आणखी चार हजारांचा. म्हणजे सायकलस्वाराला स्थानकाच्या दाराशी, पोटातून, पाण्याखालून, सगळीकडून अलगद नेऊन सोडलं जातं एयच्या काठावर. तिथे तो बोटीची वाट पाहत उभा राहतो.

मग पूल कुठे बांधायचा, याचं उत्तर शेंबडं पोरही देईल: जिथे बोट जाते तिथे. माणसांनी आपल्या चालण्यानं पायवाट पाडून ठेवली आहे, तिच्यावर दगड घाला. पाण्यावरची पायवाट दिसत नाही एवढाच फरक.

नेमकी हीच जागा सर्वांत आधी बाद होते. एय म्हणजे शहरातला शोभेचा तलाव नाही. पश्चिमेकडून उत्तर समुद्राचा कालवा येतो, पूर्वेला अ‍ॅमस्टरडॅम-ऱ्हाइन कालवा लागतो, आणि त्या वाटेनं बंदरातला माल थेट जर्मनीपर्यंत जातो. वाळू, कोळसा, कंटेनर, तेल, सगळं याच गल्लीतून. ऱ्हाइनच्या वाटेवर कंटेनरचे चार थर रचलेल्या नौकांना पुलाखाली नऊ मीटरच्या जरा वर, नेमकं सांगायचं तर ९.१० मीटर, मोकळी उंची लागते. त्यावर पुलाची स्वतःची जाडी धरा. सायकलस्वाराला अकरा मीटर तरी चढावं लागणार. मोटारीला अकरा मीटर म्हणजे काहीच नाही. सायकलला चाळिसास एक असा सुखाचा चढ द्यायचा तर त्या अकरा मीटरांसाठी एका बाजूला ४४० मीटर लांबीचा उतार हवा. चढ दुप्पट तीव्र केला तरी २२० मीटर. दोन्ही काठांना तेवढंच. स्थानकाच्या मागे एवढी जागा आणायची कुठून? एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला संग्रहालय. गोल गोल जिन्यासारखा उतार करता येतो, पण मुलं शाळेत सोडायला निघालेली आई दिवसातून दोनदा त्या भिंगरीवर चढेल, ही अपेक्षा कागदावरच ठीक.

अशा पुलाला जमीन किती लागते हे याच शहराला ठाऊक आहे. एयबुर्ख या नव्या वस्तीला जोडायला २००६ साली ऱ्हाइन कालव्यावर नेशियो पूल बांधला, फक्त सायकली आणि पादचाऱ्यांसाठी. मधला झुलता भाग १६८ मीटरचा आणि उतारांसकट सगळी लांबी ७८० मीटर. पाण्यावर जेवढा, त्याच्या कितीतरी पट जमिनीवर. तो तसा वळणावळणानं पसरू शकला, कारण तिथे काठावर गवत होतं. उट्रेख्तमध्ये एवढी ऐसपैस जमीन नव्हती. तिथे त्याच कालव्यावर २०१७ साली डाफ्ने स्खिपर्स पूल झाला तेव्हा त्याचा उतार चक्क एका माँटेसरी शाळेच्या छपरावरून फिरवला. शाळा, पूल आणि बाग यांचा आराखडा एकत्रच केला होता. मुलं खाली वर्गात, वरून सायकली. पुलाची जागा ठरवताना जमिनीचा तुकडा मोकळा आहे का, एवढंच पाहायचं नसतं, तो मोकळा नसेल तर त्याच्याशी भागीदारी जमते का, हेही पाहायचं असतं.

उंची कमी ठेवून मधला भाग उघडता ठेवावा, हा दुसरा उपाय. त्यात भांडण वेगळं. पूल उघडला की सायकली थांबतात, मिटला की नौका थांबतात. नौका तर ब्रेक मारून उभी राहत नाही. भरलेली मालनौका वळणावर, बाजूच्या वाऱ्यात, पुलाच्या खांबांशी ताटकळत ठेवणं हे अपघाताला बोलावणं. आणि डच व्यवस्थेत पाण्याचा मालक शहर नव्हे. पुलाचे पैसे महापालिका जमवणार, पण खालचा जलमार्ग राष्ट्रीय. तो सांभाळते रेइक्सवाटरस्टाट ही १७९८ पासूनची सरकारी यंत्रणा, जिच्या शब्दाला त्या पाणथळ देशात मोठं वजन आहे.

२०१७ साली महापालिकेनं तरीही जागा ठरवली. स्थानकाच्या पूर्वेला जावा बेट नावाची एक लांबट पट्टी आहे. ईस्ट इंडीजला जाणारी जहाजं तिथून सुटत. धक्क्यांची नावं अजून जावा आणि सुमात्रा. नव्वदच्या दशकात तिथे टुमदार इमारती आणि आडवे छोटे कालवे झाले. या बेटाच्या पश्चिम टोकावरून नोर्डकडे पूल टाकायचा, त्याचं नाव जावा पूल. नकाशावर जागा झकास दिसते. स्थानकापासून फार लांब नाही, आणि बेटाचं टोक आधीच पाण्यात पुढे आलेलं. कागदावर पट्टी ठेवून रेघ मारणाऱ्याला ही जागा सुचणारच.

रेघ मारणाऱ्याला पाण्याचं वळण दिसत नाही. त्या टोकाशीच एय वळतो. बाजूलाच प्रवासी जहाजांचं टर्मिनल आहे, आणि दहा-बारा मजली क्रूझ जहाजं तिथल्याच पाण्यात वळून तोंड फिरवतात. बंदरानं विरोध केला, रेइक्सवाटरस्टाटनं केला, केंद्रीय मंत्रालयानं केला. आणखी एक अडचण डच माणसाच्या काळजाची. १९७५ पासून दर पाच वर्षांनी ‘सेल’ नावाचा उत्सव भरतो आणि जगभरातली उंच डोलकाठ्यांची गलबतं एयमध्ये येतात. २०२०चा करोनामुळे रद्द झाला, २०२५ला पुन्हा भरला. त्या डोलकाठ्यांना अडवेल असा पूल सुचवायचा म्हणजे पंढरीच्या वाटेवर फाटक लावण्यासारखं. याच बेटाला मुख्य शहराशी जोडणारा यान स्खाफर पूल २००१ साली झाला, तो एका जुन्या गोदामाच्या आरपार जातो, आणि त्याचे मधले तुकडे उचलून बाजूला काढता येतात. कशासाठी? ‘सेल’ला गलबतं आत यावीत म्हणून.

शहर विरुद्ध केंद्र अशी कुस्ती जुंपल्यावर दोघांनी मिळून तिऱ्हाइताला बोलावलं: अलेक्झांडर डोख हे बेल्जियन वास्तुरचनाकार. अँटवर्पच्या वर्तुळाकार महामार्गावरून वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणात मध्यस्थी करून त्यांनी नाव कमावलं होतं. त्यांच्या समितीचा अहवाल २०२० साली आला आणि मला त्यातली खरी हुशारी अशी वाटते की त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाकारलं. पूल इथे की तिथे, हा प्रश्नच तोकडा आहे, असं त्यांनी धरलं. सायकल, पायी माणूस, मेट्रो, मालनौका, क्रूझ जहाज ही सगळी एकाच पाण्यावर हक्क सांगतात. तेव्हा वाटणी सगळ्यांची एकदमच करू.

वाटणी अशी. जावा पूल नको. त्याऐवजी एक पूल आणखी पूर्वेला, जिथे जावा आणि केएन्एसएम ही बेटं एकमेकांना भेटतात त्या आझार्टप्लेन चौकातून समोरच्या हामरक्वार्तीर या जुन्या कारखान्यांच्या भागात. तिथे पाणी सरळ आहे आणि नौकांना पुढचं दिसतं. दुसरा पूल पश्चिमेला, हाउटहाफेन्सच्या नव्या वस्तीतून एन्डीएसएमकडे. मध्यभागी, जिथे सर्वांत जास्त माणसं ओलांडतात, तिथे पूल नाहीच. पादचाऱ्यांसाठी पाण्याखालून भुयार. मेट्रोच्या मार्गावर सिक्सहाफेन इथे, मेट्रो बांधताना वगळलेलं स्थानक बांधा. आणि क्रूझ टर्मिनल तिथून हलवा.

मधल्या भुयारात सायकली का नाहीत, असा प्रश्न कुणालाही पडेल. पाण्याखालून सायकल नेण्याचा अनुभव जवळच आहे. रॉटरडॅमच्या मास बोगद्यात १९४२ पासून सायकलींसाठी स्वतंत्र नळी आहे आणि सायकल हातात धरून लाकडी सरकत्या जिन्यावरून उतरावं लागतं. अँटवर्पमध्ये स्खेल्ड नदीखालचा १९३३चा सेंट अ‍ॅना बोगदा, ५७२ मीटर लांब, तिथेही तेच लाकडी जिने. पुढचं चाक उचलून धरायचं, मागचा ब्रेक आवळायचा आणि करकरणाऱ्या पायऱ्यांवर तोल सांभाळायचा. गंमत म्हणून फार छान. पण चाळीस किलोच्या विजेच्या सायकलीवर पुढे दोन पोरं बसवून रोज कामाला निघणाऱ्यांसाठी ती गंमत टिकत नाही. जहाजं वरून जायची तर बोगदा खोल हवा, खोल हवा तर उतार लांब हवा, आणि उताराला जमीन नाही. पुलाचंच गणित उलटं टांगलेलं.

आता पूर्वेच्या पुलाची जागा घ्या. आजच्या सायकलस्वाराला विचारलं तर ती कुणीही निवडणार नाही. स्थानकाकडे जाणाऱ्याला आडवळण पडतं. पलीकडच्या हामरक्वार्तीरमध्ये काल-परवापर्यंत गोदामं, गॅरेजं आणि पोलादाच्या शेड होत्या. पण शहराला तिथे हजारो घरं उभी करायची आहेत. पूल त्या माणसांसाठी आहे, जी अजून राहायला आलेली नाहीत. यात काही गैर नाही. शहरं अशीच वाढतात, आधी वाट आणि मग वस्ती. मला पटतं की नौकांच्या दृष्टीनं ती जागा योग्य आहे आणि पन्नास वर्षांच्या हिशेबात शहराच्याही. तरी एक गोष्ट खटकते. नोर्डच्या जुन्या कामगार वसाहतींनी शंभर वर्षं पूल मागितला तेव्हा बोट पुरेशी होती. विकायची घरं उभी राहणार म्हटल्यावर ती अपुरी ठरली. पूल कुठे उतरतो यावर कुणाच्या जमिनीला भाव येतो हे ठरतं, आणि अहवालांच्या भाषेत हा परिच्छेद सहसा नसतो.

दुसरी शंका मोळीबद्दल. समितीनं सगळं एकत्र बांधलं हे सुंदर झालं, पण बांधलेल्या मोळीतली काठी एकेकटी काढता येत नाही. क्रूझ जहाजांचा हट्ट तेवढा आता सैल होतो आहे: वर्षाला जास्तीत जास्त शंभरच जहाजं, आणि २०३५ पर्यंत टर्मिनल शहराच्या मध्यातून हलवायचं, असं महापालिकेनं २०२४ साली जाहीर केलं. त्याचं कारण मुख्यतः पर्यटकांची गर्दी आणि धूर. पुलाला फायदा झालाच तर तो आनुषंगिक. बाकी काठ्या पैशासाठी रांगेत. पूल अजून कुठेच उभा नाही.

समोर कोपनहेगनचं उदाहरण नेहमी टाकलं जातं, तर ते पुरतं पाहावं. तिथल्या बंदरावर २००६ साली ब्रुगेब्रोएन हा सायकल-पादचारी पूल झाला. पन्नासेक वर्षांत त्या बंदरावर नवा पूल झाला नव्हता. पाण्यावरची जागा अगदी बरोबर होती. जमिनीवरची चुकली. पूल संपल्यावर सायकलस्वार येऊन पडायचा एका मॉलच्या शेजारच्या धक्क्यावर, फिरायला आलेल्या लोकांच्या गर्दीत, आणि वरच्या रस्त्याला लागायला समोर जिना. सायकल खांद्यावर. हे आठ वर्षं चाललं. २०१४ साली तिथे जमिनीपासून मजलाभर उंचावरून नागमोडी जाणारा, केशरी रंगाचा ‘सायकल सर्प’ बांधला आणि तेव्हा कुठे मूळ पूल पुरा झाला. छायाचित्रात लोक पाहतात तो हा साप. तो मुळात एका राहून गेलेल्या टोकाची दुरुस्ती होती, हे छायाचित्राखाली लिहिलेलं नसतं. २०१६ साली तिथेच निहाउनसमोर आणखी एक पूल उघडला. ठेकेदाराच्या दिवाळखोरीनं तो तीन वर्षं रखडला होता. तो उघडताना दोन भागांत मागे सरकतो, आणि त्या रचनेपायी त्यावरची सायकलवाट मधे काटकोनी वळसा घेते. उताराच्या वेगात येणारे सायकलस्वार तिथे धडकू लागले, मग पाट्या आणि खुणा आल्या. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त लोक तो पूल वापरतात, हेही खरं. जागा इतकी अचूक असली की लोक पुलाचे दोष पोटात घालतात.

म्हणून आझार्टप्लेनच्या चौकाकडे जरा नीट पाहायला हवं. पाण्यावरचा तिढा सुटला, नौकांना सरळ वाट मिळाली, पलीकडे घरं येणार. पण चौक बेटावर आहे. तिथे सात नंबरची ट्राम येऊन संपते, आणि तिथून मुख्य शहराकडे जायला समोर एकच बांध आहे, त्यावर ट्राम, मोटारी, बेटावरच्या लोकांच्या सायकली, सगळंच. दुसरी वाट जावा बेटाच्या लांबीभर जाऊन त्या गोदामातून आरपार जाणाऱ्या पुलावर. आज बेटावरची मुलं त्या वाटेवर खेळतात. नोर्डकडून सकाळी आठ वाजता येणारा लोंढा यांपैकी कुठल्या वाटेनं जाणार, बांध रुंद करायचा की बेटाच्या शांत रस्त्याचा हमरस्ता करायचा, आणि त्याचे पैसे पुलाच्या अंदाजपत्रकात धरायचे की बाहेर, यावर बेटावरच्या रहिवाशांचं भांडण पुलाच्या पहिल्या खांबाआधीच सुरू झालं, तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.